वाडगा जुना करण्याचा उद्योग

वाडगा नवा असणं हा काही गुन्हा नव्हे. पण दातांचे निवृत्त डॉक्टर सेकिगुची यांनी तो ज्या तऱ्हेने दोन्ही हातांत घेतला, चष्मा कपाळावर सरकवून उलटा केला आणि बुडाकडे बघत "अरेरे" म्हणाले, त्यावरून कामेनो गावच्या समाजमंदिरात त्या गुरुवारी चहाच्या वर्गाला जमलेल्या सगळ्या बायकांना वाटलं, की मोरिवाकींच्या हातून काहीतरी घडलेलं आहे.

"कुठे कीड नाही, डाग नाही, झीज नाही," सेकिगुची म्हणाले. "दुधाचा दात आहे हो, मोरिवाकीसान."

बायका बाहीआड हसल्या. वर्गात पुरुष दोनच होते, आणि दोघांतला एक जास्त होता, असं दोघांचंही मत होतं.

"हागीचा आहे," मोरिवाकी म्हणाले. हागी हे मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव; चार बायकांत त्याचं नाव घेतलं की समोरचा माणूस दबतो, असा त्यांचा अनुभव होता.

"हागीचाच आहे. कोण नाही म्हणतंय? पण हागीचा वाडगा म्हणजे काय? त्याच्या अंगावरच्या बारीक भेगांत चहा मुरला पाहिजे, रंग उतरला पाहिजे, पिढी जायला पाहिजे. माझा बघा." सेकिगुचींनी आपला वाडगा पुढे केला. तो भिजलेल्या सुपारीच्या रंगाचा होता आणि त्यांच्या आजोबांचा होता. ही गोष्ट ते दर गुरुवारी सांगत. "वापरा, वापरा. वीसेक वर्षांत काहीतरी दिसायला लागेल."

मोरिवाकी सासष्ट वर्षांचे होते.

वर्ग चालवणाऱ्या कुरामोचीबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या आणि त्यांना ऐकायला कमी येत असे, निदान जे नको असे ते तरी येत नसे. त्यांनी वाडगा हातात घेतला, "हलका आहे, छान," एवढंच म्हटलं आणि पुढच्या गोष्टीकडे वळल्या. पुढची गोष्ट म्हणजे शरदातला मोठा चहा-समारंभ. "मोरिवाकीसान, वाडगा करणाऱ्या तुमच्या मुलीलाही बोलवा," बाई म्हणाल्या.

मुलीचं नाव चिगुसा. औषधांच्या दुकानातली चांगली बसून करायची नोकरी सोडून ती हागीला एका म्हाताऱ्या कुंभाराकडे चिखल तुडवायला गेली होती. मोरिवाकी हे लोकांना "ती सिरॅमिक उद्योगात आहे" अशा शब्दांत सांगत. गुरूंनी तिला स्वतःची मोहोर उठवायची परवानगी दिली तो हा पहिला वाडगा. फिकट गुलाबी, पहाटेच्या धुक्यासारखा. बुडाशी बारीकसा 'चि'. तिने तो बापाला पाठवला होता, आणि बापाने तो वर्गात नेऊन स्वतःचं हसं करून आणलं होतं. मुलीचा वाडगा वाईट आहे असं मोरिवाकींना एक क्षणही वाटलं नाही. तिने तो जरा जुनाच करून पाठवायला हवा होता, एवढंच वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला आपला निर्णय ऐकवला.

"समारंभापर्यंत याला वय आणायचं."

तोमिएताई मुळ्याची साल काढत होत्या. "तुम्हाला आलं तेवढं पुरे नाही का?"

पहिला उपाय सरळ होता: प्यायचं. मोरिवाकी सकाळी प्यायले, दुपारी प्यायले, संध्याकाळी प्यायले. तोमिएताईंना प्यायला लावलं. गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसाला प्यायला लावलं. हिरव्या चहाची ती पूड काही गंमत नव्हे. डोळे टक्क उघडे राहायला लागले, छातीत ढोल वाजायला लागले. आणि वाडगा मात्र जसाच्या तसा, धुतल्या तांदळासारखा. मग शेजारच्या ओनिझुकाबाईंना बोलावलं. त्या चहा प्यायल्या, बिस्किटं संपवली आणि सल्ला देऊन गेल्या.

"मोरिवाकीसान, प्यायला कशाला पाहिजे? उकळा. मी आमचे पिवळे पडलेले पडदे चहात उकळले होते, बहीण म्हणाली, नवीन घेतलेस का? म्हणजे तुमच्या बाबतीत उलटं होईल, पण उकळा."

उकळला. वाडगा थोडा पिवळसर झाला, कावीळ झालेल्या माणसाइतका. हे वय नव्हतं, हा आजार होता.

खालच्या मजल्यावरच्या तोकुनागांनी विचार केला. तोकुनागा विचार करतात तेव्हा आधी कान खाजवतात. त्या दिवशी दोन्ही खाजवले. आयुष्यभर त्यांनी सिमेंटच्या एजन्सीत हिशेब लिहिले होते, त्यामुळे मुरण्या-झिरपण्याबद्दल बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे असं ते मानत.

"चहात दम नाही. सोया पाहिजे. तुमच्याकडे ओदेन कधी आहे?"

ओदेन शनिवारी होतं. मोठ्या पातेल्यात मुळ्याचे जाड काप, अंडी, मासळीच्या वड्या आणि सोयाचा रस्सा रटरटत होता. तोमिएताई आंघोळीला गेल्या, तेवढ्यात मोरिवाकींनी मुलीचा वाडगा वड्यांच्या मधोमध सोडला आणि झाकण लावलं. माणसाने आयुष्यात कोणते क्षण मागे घ्यावेत याची यादी प्रत्येकाची वेगळी असते. मोरिवाकींच्या यादीत हा नव्हता, कारण वाडगा बाहेर निघाला तो अप्रतिम निघाला. अंड्यासारखा तपकिरी, भेगाभेगांत काळसर जाळं, काठाशी गडद, पोटात फिकट. मोरिवाकींचा ऊर भरून आला. तोमिएताई आंघोळीहून आल्या, त्यांनी पातेल्यात बघितलं, वाडग्याकडे बघितलं.

"चिगुसाने दिलेला?"

"रंग बघ ना."

"तुम्ही आज नुसता भात खा," त्या म्हणाल्या, आणि पातेलं घेऊन तोकुनागांकडे जेवायला गेल्या.

रंग आला, पण वासही आला. वाडगा धुतला, घासला, राखेने घासला, लिंबाने चोळला. कोरडा असला की काही नाही, गरम पाणी ओतलं की स्टेशनसमोरच्या ओदेनच्या गाडीवर उभं राहिल्यासारखं वाटे. उन्हात गॅलरीत ठेवला तर खाली मांजरं जमायला लागली आणि वर कावळे. इमारतीच्या समितीकडून 'प्राण्यांना खाऊ घालू नये' अशी चिठ्ठी आली.

"माती," तोकुनागा म्हणाले. आता ते स्वतः येऊन सल्ला देत होते. "माती वास ओढून घेते. शिवाय जुन्या वस्तू सगळ्या मातीतच सापडतात. वास जाईल, वय येईल."

एका दगडात दोन पक्षी मारणारा सल्ला मोरिवाकींना आजवर मिळालेला नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते नगरपालिकेच्या भाड्याच्या मळ्यावर गेले. जुन्या किल्ल्याच्या खंदकाशेजारी गावातल्या रिकाम्या लोकांना भाजी लावायला वाफे दिलेले होते, त्यातला एक त्यांचा. अळकुड्यांच्या दोन रोपांमध्ये कोपरभर खोल खड्डा करून त्यांनी वाडगा ठेवला, वर माती ओढली आणि, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण हात जोडले.

मळ्याच्या दाराशी एक सूचना लावलेली होती. मोरिवाकींनी ती वाचली नाही. नगरपालिकेतल्या नोकरीभर त्यांनी अशा सूचना स्वतः लिहिल्या होत्या, आणि त्या कोणी वाचत नाही हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाला माहीत होतं? सूचना अशी होती, की पाणीपुरवठा खात्याची नवी नळवाट मळ्यातून जाणार असून पुढच्या सोमवारपासून खोदकाम सुरू होईल.

सोमवारी खोदकाम सुरू झालं आणि मंगळवारी बंद पडलं.

किल्ल्याजवळ जमिनीतून भांडं निघालं की कायदा असा आहे, की ते आधी पोलिसांकडे हरवलेली वस्तू म्हणून जमा करायचं, मग शिक्षण मंडळाच्या सांस्कृतिक विभागाला कळवायचं, मग जाणकाराने बघायचं, आणि तोवर तिथे कोणी फावडं लावायचं नाही. मळ्याभोवती दोरी बांधली. अळकुड्या काढायचा ऐन हंगाम होता. तोकुनागांचा वाफाही दोरीच्या आत गेला, आणि त्या दिवसापासून ते जिन्यात भेटले की मान वळवून भिंतीशी बोलत. मातीचा सल्ला कोणाचा होता, हे मोरिवाकींनी एकदा सुचवून बघितलं. "मी तुम्हाला तुमच्या घरच्या कुंडीत म्हटलं होतं," तोकुनागा भिंतीला म्हणाले.

गावच्या पत्रकात फोटो आला. खाली मजकूर: 'खंदकाकाठी चहाचा पुरातन वाडगा. समितीचे सल्लागार डॉ. सेकिगुची यांच्या मते अंदाजे तीनशे वर्षांपूर्वीचा.'

मोरिवाकींनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. सेकिगुची सांस्कृतिक समितीवर आहेत हे त्यांना माहीत होतं; निवृत्त दंतवैद्याला कुठेतरी बसवावंच लागतं. पुढे लिहिलं होतं: 'हा तपकिरी रंग घाई करणाऱ्या माणसाला मिळत नाही, असे डॉक्टर म्हणाले.'

आधी त्यांना हसू आलं. मग, आपण हसू शकत नाही, हे लक्षात आलं. सेकिगुचींना गावासमोर तोंडावर पाडायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. पण त्यासाठी आपण मुलीचा वाडगा मासळीच्या वड्यांबरोबर शिजवला, हे गावासमोर म्हणावं लागणार होतं. आणि चिगुसा समारंभाला येणार होती. तिचं पत्रच आलं होतं: 'माझ्या वाडग्यात चहा प्यायला येते आहे.'

मोरिवाकी चौकीत गेले. चौकीतल्या हवालदाराने सांगितलं, वस्तू शिक्षण मंडळाकडे गेली. ते शिक्षण मंडळात गेले. खिडकीपलीकडे उएमात्सु बसले होते. ते पूर्वी पाणीपुरवठ्यात मोरिवाकींच्या हाताखाली होते आणि तेव्हा मोरिवाकींनी त्यांना प्रत्येक अर्ज तीनदा लिहायला लावलेला होता.

"बोला, साहेब!" उएमात्सु आनंदाने म्हणाले.

"तो वाडगा माझा आहे."

"बरं. कुठे हरवला होता?"

"हरवला नव्हता. पुरला होता."

उएमात्सुंनी पेन खाली ठेवलं. "मळ्याच्या नियमात भाजीखेरीज काही पुरायला मनाई आहे, साहेब. तो नियम तुमच्याच सहीचा आहे."

"ते मला माहीत आहे."

"का पुरलात?"

मोरिवाकींनी छताकडे बघितलं. सरकारी छताकडे बघून आजवर कोणाला काही सुचलेलं नाही. "हवा लागावी म्हणून," ते म्हणाले.

"जमिनीत."

"हो."

"कोणी केलेला वाडगा आहे? करणाऱ्याचं नाव दिलंत तर बरं."

मोरिवाकींच्या मागे रांगेत तिघंजण उभे होते, त्यातल्या एक चहाच्या वर्गातल्या. "आहे एक ओळखीचा कारागीर," मोरिवाकी म्हणाले, आणि ते शब्द तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे आपण वाडग्यापेक्षा खोल काहीतरी पुरलं.

"फोटो?"

फोटो होता. चिगुसाने भेटीबरोबर पाठवलेला. उएमात्सुंनी फोटो घेतला, आत जाऊन वाडगा बघून आले आणि फोटो परत दिला.

"साहेब, हा गुलाबी आहे. तो तपकिरी आहे. हा नवा आहे, तो तीनशे वर्षांचा. तुम्हीच आम्हाला शिकवलंत, अर्ज आणि वस्तू जुळली पाहिजे."

गावात एवढ्या निगुतीने कोणी वाडगा जुना केला नसेल. मोरिवाकींचं काम इतकं चोख झालं होतं, की त्यांना त्यांच्याच वाडग्याजवळ जाऊ देत नव्हते.

समारंभाच्या दिवशी समाजमंदिरात फुलदाणीत शेवंती होती, भिंतीवर 'शांत मन' अशा अर्थाची अक्षरं होती, आणि मधोमध रेशमी रुमालावर तो वाडगा होता. सेकिगुचींनी खटपट करून आणवला होता. उएमात्सु पांढरे हातमोजे घालून त्याच्या शेजारी बसले होते, आजारी माणसाजवळ बसतात तसे. मुख्य पाहुणे सेकिगुची, त्यांच्या शेजारी मोरिवाकी, मग वर्गातल्या दोन बायका, आणि शेवटी, हागीहून सकाळच्या बसने आलेली चिगुसा. बसमध्ये तिला मळमळतं, त्यामुळे ती आधीच फिकट होती.

"तुमचा वाडगा कुठेय, बाबा?" तिने आल्या आल्या विचारलं होतं.

"आहे," मोरिवाकी म्हणाले होते. तोमिएताई तेव्हा दुसरीकडे बघत होत्या. त्या स्वयंपाकघरात मदतीला होत्या आणि दार किलकिलं ठेवून बसल्या होत्या.

सेकिगुची समितीसाठी लिहिलेला आपला दाखला हातात धरून बोलत होते. वाडग्याच्या घडणीबद्दल बोलले, काठाबद्दल बोलले. "करणारा माणूस साठीच्या पुढचा असावा. सगळं बघून झालेला. कशाचाच हव्यास न उरलेला. हे तरुण हाताचं काम नव्हे." चिगुसाची नजर वाडग्यावर होती. आधी तिने मान तिरपी केली. मग सरळ केली. मग हळूच बापाकडे बघितलं. मोरिवाकी भिंतीवरची अक्षरं वाचत होते.

तेवढ्यात कुरामोचीबाईंनी हात लांब करून वाडगा उचलला.

"बाई, ती ऐतिहासिक..." उएमात्सु अर्धवट उठले.

"मी तुझ्या आईलाही शिकवलं आहे. बस," बाई म्हणाल्या. "वाडगा प्यायला असतो." आणि त्यांनी त्यात हिरवी पूड घातली, वरून गरम पाणी ओतलं आणि बांबूची रवी फिरवायला लागल्या.

पहिल्यांदा शेवंतीचा वास गेला. मग उदबत्तीचा गेला. मग त्या शांत मनाच्या खोलीत, कोणाला शंका राहू नये अशा बेताने, ओदेन आलं.

घट्ट चहा एकाच वाडग्यातून सगळे पाहुणे क्रमाने पितात. नाही म्हणायची सोय त्यात नाही, तोंड वेडंवाकडं करायची तर नाहीच. सेकिगुचींनी वाडगा फिरवला, पहिला घोट घेतला आणि बराच वेळ गिळला नाही. अखेर गिळला.

"कसा आहे?" बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं.

"उत्तम," सेकिगुची म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "समुद्राची आठवण येते. त्या काळी... किनाऱ्यावरून माती आणत."

मोरिवाकी प्यायले. मुळासुद्धा जाणवला. बायका प्यायल्या, एकीने नंतर बराच वेळ रुमाल तोंडावरून काढला नाही. वाडगा चिगुसाकडे गेला. ती शेवटची, म्हणजे तिने संपवायचं. बसने ढवळलेल्या पोटाने तिने तो शेवटपर्यंत संपवला, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, काठ पुसला, वाडगा उलटा केला आणि बुडाशी अंगठ्याच्या नखाने जरासं खरवडलं.

मग रीतीप्रमाणे पाहुण्याने विचारायचा असतो तो प्रश्न तिने विचारला. आवाज चढवला नाही.

"वाडगा कुणाच्या हातचा, हे कळेल का?"

"समितीच्या मते..." सेकिगुची म्हणाले.

"सेकिगुचीसान," बाई म्हणाल्या, "प्रश्न मालकाला असतो."

उएमात्सुंनी नगरपालिकेच्या वतीने तोंड उघडलं आणि मिटलं. स्वयंपाकघराचं दार आता किलकिलं नव्हतं, उघडं होतं. गुडघे मोडून बसून बसून मोरिवाकींचे दोन्ही पाय बधिर झाले होते, नाहीतर ते उठून गेले असते. स्वतःबद्दल त्यांना तेवढी खात्री होती. बसून राहिल्यावर मग एकच गोष्ट उरली.

"माझ्या मुलीच्या हातचा," ते म्हणाले. "हिच्या. याच वर्षीचा आहे. फार सुरेख गुलाबी होता. रंग तेवढा माझा. ओदेनमध्ये शिजवला."

"अशक्य!" सेकिगुची म्हणाले. "बुडाशी जुन्या भट्टीची चंद्रकोर आहे, मी स्वतः..."

चिगुसाने वाडगा त्यांच्यापुढे धरला. माती निघालेल्या जागी 'चि' होता. सेकिगुचींनी चष्मा कपाळावर नेला, परत डोळ्यांवर आणला. दातांच्या डॉक्टरला आपण निरोगी दात उपटला हे कळतं, तेव्हा तो ज्या आस्थेने रोग्याला चूळ भरायला सांगतो, तसे ते म्हणाले, "कुणी मला पाणी द्याल का?"

कोणी हसलं नाही. म्हणजे, पहिला हसण्याचा आवाज स्वयंपाकघरातून आला, त्यानंतर कोणाला थांबता आलं नाही. कुरामोचीबाईंना काही ऐकू आलं नाही, त्या पुढचं पाणी तापवायला लागल्या. उएमात्सु तेवढे हसले नाहीत. वाडग्याची नोंद वर गेलेली होती, आणि वस्तू अचानक नवी झाली तर काय करायचं, याला नियम नव्हता.

तो नियम सापडेपर्यंत हिवाळा आला. मळ्याची दोरी सुटली, अळकुड्या जमिनीत कुजून गेल्या होत्या. तोकुनागा अजून भिंतीशी बोलतात. सेकिगुचींनी चहा सोडला. आता ते फुलांच्या रचनेच्या वर्गाला जातात आणि तिथल्या लोकांबद्दल मोरिवाकींना खरोखर वाईट वाटतं.

चिगुसा त्या दिवशी बसथांब्यावर बापाकडे पाठ करून वेळापत्रक वाचत उभी राहिली. बस समोर दिसायला लागल्यावर मोरिवाकी म्हणाले, "शिक्षण मंडळाच्या खिडकीवर मी तुझं नाव सांगितलं नाही. ओळखीचा कारागीर म्हणालो."

"आई म्हणाली मला," चिगुसा म्हणाली. "सेकिगुचींचा तो दाखला आहे ना, साठीच्या पुढचा, हव्यास न उरलेला? त्याची प्रत पाठवा. गुरुजींना दाखवायची आहे."

"पाठवतो. आणि... दुसरा एखादा वाडगा?"

बसचं दार उघडलं. "याचा वास गेला की," ती म्हणाली.

वाडगा परत आल्यापासून मोरिवाकी रोज सकाळी त्यात चहा पितात. तोमिएताई आधी खिडकी उघडतात. रविवारी चिगुसाचा फोन येतो. कसे आहात वगैरे काही नाही.

"वास येतो का?"

"येतो," मोरिवाकी खरं सांगतात.

"मग प्या," ती म्हणते, आणि फोन ठेवते.